सतरा नंबरची सही

"ही सही तुमची?"

"माझीच."

"इंजिन चालवून पाहिलं होतं?"

"नाही."

प्रल्हाद लांजेवारांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की माझीच पंचाईत झाली. मुंबईहून येताना मी दोन पानं भरून प्रश्न लिहून आणले होते. माणूस आधी उडवाउडवी करणार, मग आठवत नाही म्हणणार, मग दुसऱ्याकडे बोट दाखवणार, असं धरून मी एकेक सापळा लावत गेले होते. आणि हा पन्नाशीचा गृहस्थ पहिल्याच सापळ्यात आपणहून पाय ठेवून माझ्याकडे शांतपणे बघत बसला होता.

"मग कामाच्या कार्डावर सतराव्या पायरीला, 'इंजिन चालवून पाहिले, गळती नाही' याच्यापुढे सही कशी केलीत?"

"रोज करतो तशीच केली."

मे महिना होता. नागपूर विमानतळाच्या एका टोकाला असलेल्या त्या हँगरच्या ऑफिसात कूलर घरघरत होता आणि गार हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात वर्तमानपत्राच्या कागदाची जाडसर घडी होती, इंधनाने भिजून पिवळी पडलेली. वरच्या बाजूला राशिभविष्य आलं होतं. मेष राशीला 'हाती घेतलेल्या कामात यश' लिहिलेलं स्पष्ट वाचता येत होतं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा उड्डाण-सुरक्षेच्या सरकारी खात्यात निरीक्षक होते. विमान कंपन्या आपल्या विमानांची देखभाल ठरल्याप्रमाणे करतात की नाही, ते तपासणं हे आमचं काम. खात्यात माझी ख्याती अशी होती की पेठेबाई आल्या म्हटलं की कंपन्यांची माणसं फाइली लपवायला धावतात. मला ते ऐकून बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

त्या आठवड्यात मंगळवारी दुपारी एका छोट्या कंपनीचं पंखेवालं विमान अठ्ठावन्न प्रवासी घेऊन नागपूरहून उडालं. बाराव्या मिनिटाला डाव्या इंजिनातून इंधन गळायला लागलं. वैमानिकाने ते इंजिन बंद केलं आणि एका इंजिनावर विमान परत आणलं. कोणाला ओरखडाही उठला नाही. पण तापलेल्या इंजिनावर इंधन सांडत होतं, ठिणगीचीच काय ती कमी होती. कंपनी आता बंद पडली आहे, तेव्हा तिचं नाव सांगून कोणाचं भलं होणार नाही.

माझे वरिष्ठ नाडकर्णी यांनी निघताना मला दारातच गाठलं होतं. "शरयू, तीन दिवस देतो. मला एक नाव पाहिजे. लायसन्स रद्द, पेपरात चार ओळी, विषय संपला."

नाव पहिल्याच तासात माझ्या हातात आलं होतं. लांजेवार हे त्या तळावरचे एकुलते एक लायसन्सधारी इंजिनिअर. हाताखाली दोन मेकॅनिक, पण त्यांना सही करायचा अधिकार नव्हता. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, मूळ गाव तुमसरजवळ. लायसन्स गेलं तर या माणसाला विमानाच्या शिडीलाही हात लावता येणार नव्हता. दुसरं कोणतंही काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

"हा कागद काय प्रकार आहे?" मी पिशवी पुढे सरकवली.

"इंधनाचा फिल्टर बदलला की झाकणाखाली ठेवतो आम्ही. मग बॅटरीवर इंजिन नुसतं फिरवायचं, पेटवायचं नाही. कागद कोरडा निघाला म्हणजे गळती नाही. मंगळवारी कोरडा होता. मी पाहिला, आणि तेवढ्यात आतून हाक आली, म्हणून तो काढायचा राहिला."

"कोरडा होता तर गळती कुठून आली?"

"नुसतं फिरवताना इंधनाला दाब कमी असतो. रबरी रिंग थोडीशी चिमटली असली तर तेवढ्या दाबाला नाही समजत. उडताना पूर्ण दाब आला तेव्हा फुटली." त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "मला माहीत होतं हे. कागद पूर्ण भरवशाचा नाही, हे मला माहीत होतं."

"तरी केलंत."

"हो."

"म्हणजे कंटाळा. इंजिन चालवून बघायला अर्धा तास जातो, त्याचा कंटाळा."

आता मात्र त्यांचा चेहरा बदलला. "कंटाळा नाही मॅडम. सतरा नंबर इथे होतच नाही."

"होत नाही म्हणू नका. करत नाही म्हणा."

"होत नाही," ते पुन्हा म्हणाले, त्याच आवाजात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटी सही करणारा माणूस मला वर ठणकावून सांगतोय! मी वही मिटली आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या मी स्वतः उभी राहते. कार्डावर लिहिलंय तसं, एकही पायरी न गाळता हे काम करायचं. सतरा नंबरसकट. मग बघू होतं की नाही ते."

खरं सांगायचं तर मला काही समजून घ्यायचं नव्हतं. मला त्यांना तोंडघशी पाडायचं होतं.

बाहेर आले तेव्हा तळाचे मॅनेजर किन्हीकर चहा घेऊन हजर होते. गोड बोलणारा, घड्याळाकडे सतत बघणारा माणूस. "मॅडम, नागपूरला पहिल्यांदाच का?"

"पहिल्यांदाच. आणि मे महिन्यात, हे माझं नशीब."

कोपऱ्यातल्या टेबलावर सुनंदा हेडाऊ कागद लावत बसल्या होत्या. कुठल्या विमानाचं कोणतं काम कधी, याची कार्डं काढणं आणि सह्या झालेली कार्डं जपणं त्यांच्याकडे होतं. माझं उत्तर ऐकून त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग पुन्हा कागद लावायला लागल्या. मला वाटलं, माझा घामाघूम अवतार बघून बाईंना गंमत वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी फिल्टर बदलायचं तेच काम असलेलं दुसरं विमान सव्वाबाराला उतरलं. ते पावणेचारला परत उडायचं होतं. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, हातमोजे चढवले आणि कार्ड हातात घेऊन शिडीपाशी उभी राहिले.

"पायरी एक," मी मोठ्याने वाचलं.

एकपासून बारापर्यंत काम असं झालं की मला खोट काढायला जागा सापडेना. लांजेवारांचे हात मी बघत होते. नवी रबरी रिंग त्यांनी आधी उजेडात धरून फिरवली, तेलाचं बोट तिच्यावरून नेलं, मग बसवली. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे, ठरल्या क्रमाने, मोजून आवळले. अशा हातांनी काम करणारा माणूस आळशी नसतो, एवढं मलाही कळत होतं. पण मी मनात म्हटलं, थांब, अजून सतरा यायचाय.

सोळापर्यंत पोचलो तेव्हा दीड वाजला होता.

"सतरा," मी वाचलं. "विमान मोकळ्या जागी नेऊन इंजिन पाच मिनिटे चालवावे. इंजिन चालू असताना लायसन्सधारी इंजिनिअरने जमिनीवरून झाकणाखाली स्वतः पाहावे व गळती नसल्याची सही करावी."

"ट्रॅक्टर मागवा," लांजेवार मेकॅनिकला म्हणाले.

विमान ओढायचा ट्रॅक्टर त्या कंपनीचा नव्हताच. दुसऱ्याचा मागून आणायचा. तो पन्नास मिनिटांनी आला. टॉवरची परवानगी मिळायला आणखी वीस. किन्हीकर सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत अशा येरझाऱ्या घालत होते. विमान मोकळ्या जागी पोचलं तेव्हा तीन वाजत आले होते आणि खालचं डांबर बुटाच्या तळव्याला चिकटत होतं.

"उशीर होतो, एवढंच ना?" मी लांजेवारांना म्हणाले. "यालाच तुम्ही 'होत नाही' म्हणता?"

ते शिडी चढून विमानात गेले, वैमानिकाच्या जागेवर बसले आणि बाजूची छोटी खिडकी सरकवून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, मी बसलो. आता चालू करतो. खालून गळती कोण पाहणार?"

"तुम्ही. लायसन्सधारी इंजिनिअरने स्वतः..." मी बोलता बोलता थांबले.

"मी खाली येऊ? मग इंजिन कोण चालवणार?"

"मेकॅनिक."

"त्यांना हात लावायची परवानगी नाही. चालवायचं मीच, पाहायचं पण मीच."

"वैमानिक आहेत ना!"

"ते विमानासोबत येतात. उतरले की हॉटेलवर जातात, उडायच्या वेळी परत येतात. फिल्टरसाठी कंपनी वैमानिक नाही देत."

"मी पाहते खालून."

"तुम्ही पाहाल. सही तुम्ही करू शकता का?"

नव्हते करू शकत. मी निरीक्षक होते. त्या कंपनीच्या कार्डावर सही करायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

मी पुन्हा कार्ड वाचलं. एकदा, दोनदा. त्यात कुठेच फट नव्हती. ते कार्ड दोन इंजिनिअर असलेल्या मुख्य तळासाठी लिहिलेलं होतं आणि जसंच्या तसं उचलून इथे, एका इंजिनिअरच्या तळावर आणून ठेवलेलं होतं. ते पाळायचं तर प्रल्हाद लांजेवारांना एकाच वेळी विमानात बसायला आणि विमानाखाली उभं राहायला हवं होतं. भर उन्हात, खिडकीतून बाहेर आलेल्या त्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत मी उभी होते आणि माझ्या दोन पानांतला एकही प्रश्न आता कामाचा राहिला नव्हता.

"तीन वर्षं दहा महिने झाले हे कार्ड येऊन," ते वरून म्हणाले. "एकदाही नाही झालं. पहिला महिना सोडला तर सही मात्र प्रत्येक वेळी झाली."

किन्हीकर धावत आले. "मॅडम, झालं ना तुमचं समाधान? आता कागद ठेवून बघून घेऊ आणि सोडू. साठ लोक टर्मिनलमध्ये खोळंबलेत."

"विमान जाणार नाही."

"अहो मॅडम, पण..."

"दुसरा इंजिनिअर मुंबईहून बोलवा. दोघं मिळून सतरा नंबर करा, मग विमान सोडा. तोवर चाक हललं तर तुमचंही नाव माझ्या अहवालात जाईल."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण फोन केला. इंजिनिअर संध्याकाळच्या विमानाने आला. साठ लोकांनी आम्हा सगळ्यांचा उद्धार केला. मी तो मुकाट्याने ऐकून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा लांजेवारांना समोर बसवलं. रागावले मी होतेच. आता राग कोणाचा, एवढंच ठरत नव्हतं.

"होत नाही, मान्य. म्हणून खोटं लिहायचं?"

"नाही. खोटं ते खोटंच."

"मग वर कळवायचं होतं!"

"कळवलं ना," मागून हेडाऊबाईंचा आवाज आला. त्यांच्या हातात एक फाइल होती. "एकदा नाही, तीनदा. पत्रं मीच टाइप केली. ही घ्या."

तिन्ही पत्रं लांजेवारांच्या सहीची होती, नीट, मुद्देसूद. सतरा नंबर एका माणसाला करता येत नाही, दुसरा इंजिनिअर द्यावा किंवा कार्ड बदलून मिळावं. तिन्हींना मुख्य ऑफिसचं उत्तर एकच होतं: 'सदर कार्डास सरकारी मान्यता आहे. मान्यतेपूर्वी नागपूर तळावर प्रत्यक्ष पडताळणी झालेली आहे. पालन करावे.'

"पहिल्या महिन्यात मी सही नव्हती केली," लांजेवार म्हणाले. "विमान थांबवलं. दोनदा थांबवलं. मग मला सांगितलं, मान्यता असलेलं काम ज्याला जमत नाही, त्याच्या जागी जमणारा आणू. तेव्हापासून कागद सुरू झाला."

माझं डोकं भणभणलं. "प्रत्यक्ष पडताळणी? इथे? कोणी केली? कोण आलं होतं इथे, कोणी हे काम उभं राहून पाहिलं आणि होतं म्हणून सांगितलं? आमच्याच खात्याचा असला तरी त्याला सोडायची नाही मी. नाव द्या त्याचं मला!"

हेडाऊबाईंनी लांजेवारांकडे पाहिलं. लांजेवारांनी मान हलवली.

"राहू द्या सुनंदाताई."

"काहून राहू देऊ? लायसन्स तुमचं जाऊन राहिलं ना! बाप्पा, इथे माणूस जन्मातून उठून राहिला, अन् म्हणे राहू द्या."

त्यांनी फाइलचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

मान्यतेचा फॉर्म होता, आमच्या खात्याचा. 'तळावर जाऊन प्रत्यक्ष पडताळणी केली काय?' त्याच्यापुढे 'होय' या चौकोनात बरोबरची खूण. खाली सही आणि कंसात सुवाच्य अक्षरात नाव. शरयू पेठे.

मी ते पान बराच वेळ बघत होते. आधी वाटलं, कोणीतरी माझी सही मारली आहे. मग तारीख पाहिली. एकोणतीस जुलै. आणि सगळं आठवलं.

त्या महिन्याअखेर माझ्या टेबलावर अशी एकतीस कार्डं होती. नागपूरची खेप ठरली होती, तिकीटही काढलं होतं. मग नाडकर्णी म्हणाले, "कशाला जातेस? मुंबईच्या तळाचंच कार्ड आहे, शब्दाचा फरक नाही. कागद बघून घे आणि मोकळी हो. सगळे तेच करतात." मी कागद बघितले. कागद व्यवस्थित होते. मी बरोबरची खूण केली, सही केली आणि पुढची फाइल ओढली. खोटं लिहितेय असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नव्हतं. नागपूरला मी आयुष्यात पहिल्यांदा आले ती परवा, आणि तसं मी या बाईंच्या देखत मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं.

रोज करतो तशीच केली. त्या माणसाचे शब्द. मला त्याच्याकडे वर बघवेना. लाज वाटत होती, अगदी शाळकरी मुलीसारखी कानशिलं तापली होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तुम्ही आलात, नाव सांगितलं, तेव्हापासून," लांजेवार म्हणाले. "सुनंदाताईंनी लगेच ओळखलं."

"मग पहिल्या दिवशीच माझ्या तोंडावर का नाही फेकलंत हे? मी तुम्हाला आळशी म्हणाले."

"तुमची सही खोटी निघाली म्हणून माझी खरी होते का मॅडम?" ते म्हणाले. "त्या विमानात अठ्ठावन्न माणसं होती. त्यांना घेऊन ते माझ्या सहीवर उडालं."

"अन् तुमची सही यांच्या सहीवर!" हेडाऊबाई कडाडल्या. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्या कूलरकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी ते पान काढून घेऊन बॅगेत टाकू शकले असते. दोघांपैकी एकानेही ब्र काढला नसता, निदान लांजेवारांनी तर नाहीच. हे माझ्या मनात आलं, नाही आलं असं म्हणत नाही. मी उठले, पान हेडाऊबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "याच्या तीन प्रती काढा. एक तुमच्याकडे ठेवा, कुलपात. कोणीही मागितली तरी द्यायची नाही. मी मागितली तरीही."

मग नाडकर्णींना फोन लावला. दोघांसमोरच लावला, कारण एकटी असते तर कच खाल्ली असती.

"हं, शरयू. मिळालं नाव?"

"दोन आहेत, सर."

"दोन? बरं. तो इंजिनिअर आणि दुसरा कोण?"

"इंजिनिअर दुसरा. पहिलं नाव माझं."

मी सगळं सांगितलं. मग ते हळू आवाजात, समजुतीने बोलायला लागले. "हे बघ, ते जुनं प्रकरण आहे. त्याचा या गळतीशी संबंध जोडायचं कारण नाही. इंजिनिअरने कबूल केलंय ना? तेवढं लिही. कार्ड आपण मागाहून गुपचूप बदलू. तुझं प्रमोशन तोंडावर आहे, मुली. आणि तेव्हा मीच तुला म्हणालो होतो, हे तू लिहिणार आहेस का?"

"विचारलं तर सांगेन. पण सही माझी आहे, सर."

"तुला काय सिद्ध करायचंय?"

"काही नाही. या माणसाने माझ्या पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. त्याच्यावर मी खोटा अहवाल लिहू शकत नाही. आणि याचं लायसन्स काढून घेऊन दुसरा आणला तर तोही कागदच ठेवेल, सर. तोही पेपर विकत घेईल, त्याची घडी घालेल आणि सतरा नंबरला सही करेल. माणूस बदलून काही होणार नाही. काल मी तिथे उन्हात उभी होते. तिथे दोन माणसं लागतात."

त्यांनी फोन ठेवला. मी अहवाल लिहायला बसले आणि पहिल्या परिच्छेदात माझं नाव घातलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मिरवण्यासारखं नाही. लांजेवारांचं लायसन्स रद्द झालं नाही, सहा महिन्यांसाठी काढून घेतलं. त्यांनी त्याविरुद्ध अपील केलं नाही. त्यांच्या तळावर दुसरा इंजिनिअर आला. माझी खात्यात चौकशी झाली, प्रमोशन हुकलं, आणि मान्यतेच्या फाइली काढून घेऊन मला दोन वर्षं प्रशिक्षण विभागात बसवलं. नाडकर्णी निवृत्त होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मला काम शिकवलं होतं त्यांनीच.

पण मी दोन गोष्टींच्या मागे हात धुऊन लागले. एक म्हणजे निरीक्षकाने त्या तळावर उभं राहून, तिथल्या माणसांकडून, तिथल्या साधनांनी काम पुरं होताना पाहिल्याशिवाय कोणत्याही कार्डाला मान्यता द्यायची नाही. दुसरी गोष्ट अगदी लहान होती. प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक चौकोन छापायचा: 'हे इथे करता येत नाही.' त्यात खूण करणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला दरडावणाऱ्याला मात्र आहे. आणि ते कार्ड कंपनीकडे न जाता सरळ आमच्याकडे यायचं. बैठकीत लोक हसले. एकजण म्हणाले, बाई, मग उद्यापासून सगळेच खुणा करत बसतील. मी म्हणाले, करू देत, निदान काय होत नाही ते तरी कळेल. पहिल्यांदा नाकारलं. मी पुन्हा पाठवलं. पुन्हा नाकारलं. मी आकडे जोडून तिसऱ्यांदा पाठवलं, चौथ्यांदा स्वतः घेऊन गेले आणि साहेब येईपर्यंत दारात बसून राहिले. दीड वर्ष लागलं. शेवटी मला कंटाळूनच मंजूर केलं असावं.

तो चौकोन छापून आल्यावर तिसऱ्या महिन्यात प्रशिक्षण विभागाच्या पत्त्यावर मला एक लिफाफा आला, नागपूरचा. आत हेडाऊबाईंची चिठ्ठी होती. 'दुसऱ्या इंजिनिअरला टायफॉइड झाला आहे. काल विमान सात तास उभे होते. मॅनेजरसाहेब चार वेळा येऊन गेले. प्रवाशांनी लांजेवारांना काय काय म्हटले ते कागदावर लिहिण्यासारखे नाही. ते आता पेपर फक्त वाचतात.'

सोबत एका कार्डाची प्रत होती. एकपासून सोळापर्यंत त्यांच्या सह्या होत्या, त्याच ठसठशीत वळणाच्या. सतरा नंबरपुढची जागा कोरी होती. खालच्या चौकोनात खूण केलेली होती, आणि तिच्याजवळ निळ्या शाईने लिहिलं होतं:

'करता आले नाही. विमान सोडले नाही. प्र. लांजेवार.'